बॅटरीवरून डायरेक्ट

कल्याणला मी स्पष्ट सांगितलं होतं की चार्जरची वायर चावीवरून घे. चावी फिरवली की चार्जर सुरू व्हावा, चावी काढली की बंद. यात न समजण्यासारखं काही नव्हतं. तीर्थपुरीच्या चौकात त्याचं गॅरेज आहे. मी जुन्या टायरांच्या ढिगाशेजारी बाकावर बसलो होतो आणि तो माझ्या मोटारसायकलचं बाजूचं झाकण काढून बॅटरीशी खटपट करत होता.

“सर, चावीवर घेतलं तर चार्जिंगला लावलं की चावी गाडीलाच ठेवा लागंल. कुणी गाडीच घेऊन गेलं म्हंजे? डायरेक्ट घेतो बॅटरीवरून. झंझटच न्हाई.”

“मग बॅटरी उतरेल ना.”

“बिलकुल उतरत न्हाई.”

“बरं,” मी म्हणालो.

हे ‘बरं’ माझ्या तोंडात बसलेलं आहे. अंबडला एका कॉलेजात ग्रंथपाल होतो, तेव्हा प्राचार्यांना बरं, क्लार्कला बरं, पुस्तकातली पानं फाडून परत देणाऱ्या पोरांनाही बरं. आत काय चाललंय ते बाहेर येत नाही. त्या दिवशी घरी येईपर्यंतच्या रस्त्यात मी कल्याणला मनातल्या मनात असं काही सुनावलं की ते ऐकून त्याने हातातला पाना खाली ठेवला असता. प्रत्यक्षात निघताना मी त्याला “येतो हं” म्हणालो होतो.

अंगणात गाडी लावली, चावी काढली. हँडलजवळ रबरी टोपणाखाली चार्जरचा बारीक निळा दिवा होता. तो तसाच चालू राहिला.

आमचं घर गावात नाही, शेतात आहे. आमच्याकडे त्याला आखाडा म्हणतात. सोयाबीन निघालं होतं, कापूस फुटला होता, आणि गव्हाच्या पहिल्या पाण्याच्या वेळी आमची डीपी, म्हणजे बांधावरचा विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली. माझा पुतण्या कारभारी शेजारच्याच शेतात राहतो. त्याने तारेवर आकडा टाकून एक जादा मोटार चालवली होती आणि त्या भाराने डीपी गेली, हे आसपासच्या सगळ्या आखाड्यांना माहीत होतं. मी त्याला विचारायला गेलो ते “डीपीचं काही कळलं का” एवढंच विचारून आलो.

“येईल की, काका. तुम्ही काऊन टेन्शन घेऊन राह्यले?” तो म्हणाला. “सोलरचा दिवा हाये तुमच्याकडं. अन् काकूला तर काय, बहिऱ्या माणसाला लाइट असली काय अन् नसली काय.”

तिथे बसलेले दोघेजण हसले. मीही हसलो.

गिरिजाला, म्हणजे माझ्या बायकोला, बरीच वर्षं ऐकू येत नव्हतं. मागच्या वर्षी आमच्या संध्याने संभाजीनगरहून आईसाठी कानातलं मशीन आणून दिलं. बोराएवढी दोन यंत्रं आणि ती चार्ज करायची एक डबी. ती कानात घातल्यावर गिरिजाने पहिल्यांदा ऐकला तो पत्र्यावर उतरलेल्या कावळ्याच्या नखांचा आवाज. मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, “तुमचा आवाज इतका बारीक झाला का हो?” त्या दिवसापासून मी तिला रोज संध्याकाळी वाचून दाखवू लागलो. जगात एका माणसासमोर माझं तोंड नीट उघडतं, आणि ती ही. एखाद्या गोष्टीत वाईट काही घडायला लागलं की ती हात वर करायची. “थांबा. उद्या वाचा पुढचं. आजचा दिवस त्या बाईला सुखानं राहू द्या.”

डीपी जळाली आणि डबी चार्ज होईना. रोज तीर्थपुरीला जाऊन एखाद्या हॉटेलात चहा मागवायचा आणि प्लग मागायचा, हे मला जमलं नाही. म्हणून गाडीला चार्जर.

पहिल्या सकाळी सगळं ठीक झालं. डबी रात्रभर गाडीला होती, मशीन पूर्ण भरलं होतं. गिरिजाने ते कानात घातलं, चहा दिला आणि चुलीकडे जाता जाता म्हणाली, “एवढा फिक्का झाला का चहा? सरळ सांगायचं, साखर टाक म्हणून. कुरकुर कशाला?”

चहा फिका होता आणि मी वैतागलो होतो, पण बोललो काहीच नव्हतो. मला वाटलं, इतक्या वर्षांचा संसार आहे, कपाळावरची आठी वाचता येत असेल तिला.

पुढच्या एका दुपारी ती शेताच्या पार टोकाला बायकांबरोबर कापूस वेचत होती आणि मी ओट्यावर बसलो होतो. समोर गाडी होती. उन्हातही तो निळा दिवा दिसत होता. एवढी साधी गोष्ट मी सांगितली होती आणि ती त्याने ऐकली नव्हती. माझं कोणीच का ऐकत नाही, मी बोलतो ते लोकांच्या कानावरून वाऱ्यासारखं का जातं, असं मनात सुरू झालं आणि मग ते वाढत गेलं. कल्याणच्या आईबापापर्यंत गेलं.

गिरिजा भर दुपारी वेचणी टाकून परत आली. ओटीतला कापूस तिने माझ्यासमोर खाली टाकला.

“वेचणाऱ्या बाया होत्या तिथं,” ती म्हणाली. “त्यांच्या देखत असलं बोलायचं?”

“काय बोललो?”

“मी तोंडानं म्हणू का आता ते? त्या मिस्त्रीच्या आईला काय म्हणले तुम्ही?”

“अगं, मी इथे बसलोय. इथून हाक मारली तरी तिथे पोचणार नाही.”

“मला आलं ना ऐकायला. कानाजवळ उभं राहून बोलल्यावानी.”

“बायांनी ऐकलं?”

ती जरा घुटमळली. “त्यांनी काही म्हणलं न्हाई,” असं म्हणून ती आत गेली.

मी अंधश्रद्धा मानणारा माणूस नाही. प्रथम मला माझाच संशय आला. म्हातारी माणसं पुटपुटतात आणि त्यांचं त्यांना कळत नाही. म्हणून मी दुसऱ्या दिवशी तोंडात पाण्याचा घोट धरून तिच्याकडे पाठ करून बसलो. ती मागे तांदूळ निवडत होती. मोबाईल मी बंद करून कपाटात ठेवला होता, कारण ती यंत्रं मोबाईलला जोडता येतात असं संध्याने सांगितलं होतं. मी मनात पाढे म्हटले. सुपात तांदूळ सळसळत राहिला. मी मनात म्हटलं, गिरिजा, दमली असशील, जरा पाठ टेक. काही नाही. पुन्हा तेच म्हटलं, जरा मायेने. सूप चालूच होतं.

मग मी कारभारीचं ते वाक्य आठवलं, बहिऱ्या माणसाला लाइट असली काय, आणि त्यावर जे मनात आलं ते येऊ दिलं.

सूप थांबलं.

“असं नका म्हणू,” गिरिजा म्हणाली. “पोरगं आहे ते आपल्या घरातलं.”

माझ्या तोंडातलं पाणी तोंडातच होतं. मी ते अंगणात जाऊन थुंकलो.

त्या संध्याकाळी वाचायला बसलो तेव्हा तिने पुन्हा पुन्हा पुढे वाकून पाहिलं. “मोठ्यानं वाचा ना.” मी आवाज वाढवला. “अजून.” मी जवळजवळ ओरडून वाचत होतो. शेवटी ती म्हणाली, “ओठ हलून राह्यले तुमचे, पण आवाजच येत न्हाई.” बाहेर दूर कुत्रं भुंकत होतं ते तिला ऐकू येत होतं. चुलीतलं लाकूड तडकलं तेही आलं. माझं वाचलेलं येत नव्हतं. मला संताप आला. या सगळ्याचा, त्या यंत्राचा, त्या दिव्याचा. तेव्हा मात्र ती दचकून मागे सरकली.

सकाळी मी गाडीचं बाजूचं झाकण उघडलं, पान्याने बॅटरीच्या दोन्ही वायरी सोडल्या आणि बॅटरी उचलून बाहेर काढून ओट्यावर ठेवली.

निळा दिवा चालू होता.

पुस्तकांनी मला एक सवय लावली आहे, नवल दिसलं की कारण शोधायचं. कुठेतरी थोडी वीज साठून राहत असेल, असं मी स्वतःला सांगितलं. दुपारपर्यंत वाट पाहिली. जेवून येऊन पाहिलं. दिवा तसाच. उलट जरा ठळक झाला होता, पण उजेडाच्या बाबतीत माझ्या डोळ्यांवर मी फारसा विश्वास ठेवत नाही.

बॅटरी पोत्यात घालून, गाडी शेजाऱ्याच्या टेम्पोत चढवून तीर्थपुरीला नेली. कल्याणने आधी हसून घेतलं. “काय सर, टेम्पोत घालून आणायची पाळी आली का? उतरली ना बॅटरी?” मग त्याला झाकणामागची रिकामी जागा दिसली. मग दिवा दिसला. त्याने वायर बोटांनी चाचपत सीटखालपर्यंत नेली, तिथे लोंबणारी दोन उघडी तांबडी-काळी टोकं हातात धरली, आणि ती सोडून पँटीला हात पुसले. नंतर टाकीवरच्या साबणाने पुन्हा धुतले.

“हे काढून टाक,” मी म्हणालो. माझ्या मानाने ते फारच ठाम होतं.

“राहू द्या ना, सर. बॅटरी लावून देतो. चांगली चालू हाये, कशाला हात लावायचा?” तो माझ्या तोंडाकडे पाहत नव्हता. “तुम्ही मघापासून काय म्हणून राह्यले मला?”

“मी काही म्हटलं नाही.”

“बरं,” कल्याण म्हणाला.

त्याने बॅटरी बसवून दिली आणि मी ती गाडी चालवत घरी आणली. चार्जर काढून टाक असं मी पुन्हा म्हणू शकलो असतो.

मी डबी चार्ज करणं बंद केलं. गिरिजाच्या कानातली यंत्रं संध्याकाळपर्यंत संपली आणि घर पूर्वीसारखं झालं. मी बोलायचो, ती पाहायची. तिने एक दिवस ते सहन केलं. दुसऱ्या दिवशी ती डबी घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

“मला भिंतीसारखं नका ठेवू,” ती म्हणाली. ऐकू येत नसलं की तिचा आवाज मोठा होतो. “शिव्या तर शिव्या. तुमच्या तर हायेत ना.”

आणि तिनेच जाऊन डबी गाडीला लावली. मी ती काढायला उठलो आणि पुन्हा बसलो.

त्याच आठवड्यात कारभारी कुठूनतरी दुरुस्त केलेली डीपी ट्रॅक्टरवर घालून घेऊन आला. डीपी चढली, लाइट आली, आणि सगळे आखाडे त्याचं नाव घेऊ लागले. दोनच दिवसांत वाऱ्याने वरची एक तार सुटली. लाइनमन येतो म्हणाला आणि आला नाही. दुपारी चारच्या सुमाराला कारभारी आमच्या अंगणात आला. त्याच्या मोबाईलची बॅटरी संपली होती.

“काका, तुमची गाडी म्हंजे आमची डीपीच झाली,” असं म्हणत त्याने न विचारता डबी काढली आणि मोबाईल लावला. “मी वर चढून बांधतो ती तार. सबस्टेशनला फोन करून लाइन बंद करायला लावायची, बांधायची, उतरायचं. काय लाइनमनची वाट पाहता?”

आमच्याकडे असंच करतात. फोनवर ‘बंद केली’ ऐकायचं आणि चढायचं. एका शब्दावर.

मोबाईल भरेपर्यंत तो ओट्यावर बसला, तंबाखू मळली, भिंतीवर थुंकला. गिरिजाने त्याला चहा दिला. तिच्या कानातलं मशीन बघून तो तिच्या कानाजवळ तोंड नेऊन ओरडला, “काकू, कावळा ऐकू येतो का?” आणि एकटाच हसला. तिने दोन्ही हातांनी कान धरले. त्या ओरडण्याने कळ गेली असणार.

मी हसलो नाही. मी काहीच केलं नाही. मी भिंतीवरच्या त्या थुंकीकडे बघत राहिलो.

आम्ही तिघं डीपीपाशी गेलो. बांधावरच आहे. गिरिजाला मी घरी थांब म्हणालो होतो, पण माझं बोलणं तिला ऐकू येत नव्हतं. कारभारीने चप्पल काढली, फोन लावला.

“हां साहेब, तीर्थपुरीकडचा आखाडा. लाइन बंद करता का? डीपीचं काम हाये.” तो थांबला. त्याने कपाळाला आठी घातली, फोन कानाशी घट्ट दाबला. “बराबर ना? चढू का?” पुन्हा थांबला. “हां. हां, बरं.”

फोन खिशात टाकून तो खांबाला लागला.

गिरिजा माझ्या बाजूला उभी होती. तिने माझा सदरा ओढला.

“तुम्ही कशाला सांगून राह्यले त्याला?” ती म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं.

“बंद केली म्हणले. चढ म्हणले.” तिचा चेहरा उतरत गेला. “दोनदा म्हणले. चढ. चढ.”

कारभारी आडव्या लोखंडावर पोचला होता.

मी ओरडलो. निदान तोंड उघडलं एवढं मला नक्की आठवतं. घसा ताणला होता, मानेच्या शिरा दुखल्या.

कारभारीने खाली पाहिलं नाही.

गिरिजा माझ्या ओठांकडे बघत होती.

मी खांबाकडे बोट केलं. मी नाही नाही अशी मान हलवली. हात खाली, खाली, असे आपटले.

तिला कळलं.

“कारभारी!” ती अशा आवाजात ओरडली की बांधावरचे बगळे उडाले. “उतर खाली. उतर म्हणते ना.”

“काय झालं, काकू?”

“आधी उतर.”

तो शिव्या घालत उतरला. पाय जमिनीला लागला आणि वरची सुटलेली तार वाऱ्याने हलून लोखंडाला टेकली. आवाज झाला. पांढरा उजेड पडला, आणि जळल्याचा वास आला. कारभारी मघाशी जिथे दोन्ही हातांनी धरून उभा होता तिथून थोड्याशा ठिणग्या खाली गवतात पडल्या आणि विझल्या.

कारभारीने पुन्हा फोन लावला आणि तो ओरडायला लागला. पलीकडचा ऑपरेटर त्याच्याहून मोठ्याने ओरडत होता, ते मलाही ऐकू येत होतं. तुझा फोनच आला नाही, कोणाला विचारून चढला, मरायचंय का.

कारभारी फोन हातात धरून माझ्याकडे वळला.

“काका, आवाज जरा ओळखीचा वाटलाच होता मला,” तो म्हणाला. “म्हणलं साहेब आज लई मास्तरावानी बोलून राह्यला.” त्याला हसायचं होतं. त्याचे डोळे माझ्या तोंडावर होते, आणि तो एक पाऊल मागे गेला. मग चप्पल न घालताच शेतातून निघाला.

घरी येऊन मी कडबा तोडायच्या विळ्याने चार्जरची वायर कापली. हँडलवरचा चार्जर उपटून काढला. दिवा विझला. कुठेही काही नवल झालं नाही. मी तो उकिरड्यात खोल पुरला आणि वर शेण लोटलं. गिरिजाने कानातली दोन्ही यंत्रं काढली, डबीत ठेवली आणि डबी धान्याच्या कोठीत गव्हाच्या तळाशी घातली. तेव्हापासून ती तिथेच आहे. पुढे लाइनमनने तार बांधली, घरात लाइट आली, भिंतीवरच्या प्लगवर डबी आता चार्ज करता येते. मी खुणेने विचारलं. तिने मान हलवून नाही म्हटलं. “शांत वाटतं,” ती म्हणाली.

कारभारी आमच्या अंगणात येत नाही. वाटेत दिसला तर लांबूनच हात जोडतो. मला त्याचं आता काही वाटत नाही.

संध्याकाळी मी अजूनही वाचायला बसतो. तिला ऐकू येत नाही हे मला ठाऊक आहे, पण ती माझ्यासमोर येऊन बसते, वाती वळत असते, आणि ते मला पुरतं. काल बल्बच्या उजेडात मी असाच वाचत होतो. सावकाश, हलक्या आवाजात. बाहेर थंडी पडली होती. आठवून पाहिलं तरी त्या वेळी मी कोणावर रागावलो होतो असं मला वाटत नाही. प्रसंगही साधाच होता, एक माणूस आपल्या बायकोसाठी पाणी तापवतो, एवढाच.

पान उलटताना मी वर पाहिलं. वाती तिच्या मांडीवरून खाली सांडल्या होत्या. गिरिजा डोळे मिटून बसली होती, आणि तिने दोन्ही तळहातांनी आपले कान घट्ट दाबून धरले होते.